हजाराला किती

न्यू जर्सीहून टॉवेल परत आले,
रंग उतरतो म्हणून, चार खोकी.
कडांना कोंबली होती मासिकं,
भिजून सुकलेली, पानाला पान चिकटलेली.
मालक म्हणाले, रद्दीत टाक.
तीन टाकली. एक डब्याच्या पिशवीत गेलं.

रात्री साखर पेठेत
भाताच्या वाफेवर धरून पानं सोडवली.
आत एक गोष्ट, वर लिहिणारीचं नाव.
एस, ए, डी, एच, बी, एच.
साधभ, मी वाचलं. साधभ टियर्नी.
कन्ना चौकात पाटी असेल, इतकी ओळखीची वाटली.

(बारा वर्षांनी भाचीनं मोबाईलवर ऐकवलं:
साईव्ह म्हणतात मामा, मधलं अर्धं मुकं.
मला पटलं नाही.
आपल्याच नावात एवढी मुकी माणसं कशाला?
पण माझं पेंटप्पा
पुण्याच्या पाकिटावर दर वेळी पेठप्पा होऊन येतं,
तेव्हा कुणी कुणाला हसावं.)

खाली बारीक अक्षरांत दोनच ओळी:
आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर राहते,
गोष्टी अमेरिकेत छापून येतात.
माझी अमेरिका चार एक एक शून्य तीन शून्य.
जाताना सहा रुपयांची तिकिटं,
परतीचीही आपणच लावायची.
तिला परतीसाठी अमेरिकेची तिकिटं
कुठून मिळत असतील, या विचारात
भात खाली लागला.

गोष्टीत फार काही घडत नाही.
मासळीच्या कारखान्यातली एक बाई.
भावाचा बोस्टनहून फोन येतो.
आई गेली, हे सांगायचं सोडून
ती कुंपणाला कुठला रंग द्यावा
यावरच बोलत राहते.
आणि मधेच एक शब्द, इंग्रजी नसलेला.
आईचा असावा.
अर्थ नाही, तळटीप नाही.
संपादकानं मागितलाच नाही,
की मागितला आणि ही गप्प बसली?

अव्वा सूप मांडीवर घेऊन बसली होती.
तिला सांगितलं, तिकडं गोष्टीचे
शब्द मोजून पैसे देतात.
कात्री न थांबवता तिनं विचारलं,
वेय्यिकी एंता?
मला आकडा माहीत नव्हता.
आणि छाट? छाट किती काढतात?
मी पत्र्याचा डबा उघडून दाखवला.
सतरा साभार परत.
पानं ठेवून घेतात?
नाही अव्वा, जशीच्या तशी पाठवतात.
मग तुझं बरंय, ती म्हणाली.
आमची छाट विडी कारखानदार ठेवून घेतो
आणि विकतो.

त्या आठवड्यात गोष्ट पुन्हा उतरवली.
माग होता तिथं मग्गम केलं, अकरा ठिकाणी.
आमच्या घरात माग कधी नव्हताच,
मग्गम होतं,
बापानं विकलं तेही मग्गमच होतं.

पुण्याहून कार्ड आलं:
कथा स्वीकारली आहे.
मग्गमऐवजी माग करावे काय? कळवावे.

जोडकार्डाची अर्धी बाजू
दोन दिवस कोरी ठेवून फिरलो.
करू नये, असं लिहिलं. खोडलं.
खाडाखोड वाईट दिसते म्हणून
नवं कार्ड आणलं,
त्यावर लिहिलं, आपण योग्य ते करावे.
साधभनं असं लिहिलं नसतं.
की तिनंही लिहिलं असेल,
आणि तो एक शब्द तेवढा निसटला असेल?

मार्चच्या अंकात दहा ठिकाणी माग.
एका ठिकाणी, पान बावन्न, तळाशी,
नजरचुकीनं,
मग्गम.

अव्वाला वाचता येत नाही.
तिचं बोट धरून तिथं नेलं.
तंबाखूचा पिवळा ठसा उमटला.
तिनं शब्द मोठ्यानं म्हटला,
माझ्यापेक्षा नीट,
आणि बोट पुसून पुढचं पान कापायला घेतलं.

साधभचा तो शब्द
भाची एका मिनिटात शोधून देईल.
अजून विचारलेलं नाही.